कारण: बघण्यासाठी

आमच्या हॉस्पिटलचं एक मासिक आहे. वर्षातून एकदाच निघतं, तरी सगळे त्याला मासिकच म्हणतात. पहिल्या पानावर ट्रस्टींचे फोटो, शेवटच्या पानावर रांगोळी स्पर्धा. यंदा त्यात निवृत्त झालेल्या स्टाफसाठी एक पान ठेवलंय आणि परबकाकांबद्दल मी लिहायचं ठरलंय. दोनशे शब्द, सिस्टर, आणि जरा गोड लिहा हां, असं ऑफिसातून सांगून गेले. गोड! ज्या माणसाला अर्धा चमचा साखरेचा चहा दिला तरी कप परत यायचा, त्याच्याबद्दल गोड काय लिहू, कपाळ? लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला डोकं फिरलं. म्हणून हे वेगळं लिहितेय. मासिकाला काय द्यायचं ते नंतर बघू.

दत्ताराम परब. आमच्या अंधेरीच्या हॉस्पिटलात कॅथलॅबचे टेक्निशियन. कॅथलॅब म्हणजे जिथे मनगटातून नाहीतर जांघेतून बारीक नळी घालून थेट हृदयाच्या रक्तवाहिनीपर्यंत जातात, ब्लॉक फुग्याने उघडतात आणि तिथे स्टेंट ठेवतात. स्टेंट म्हणजे जाळीची इवलीशी नळी, पेनातल्या स्प्रिंगपेक्षा लहान. मी तिथली नर्स. काका राहायला भांडुपला, मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. बुटके, चष्म्याला काळी दोरी, आणि एक्स-रेपासून वाचवणारा शिशाचा जड एप्रन चढवला की दोन पायांवर उभं राहिलेलं कासव. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. त्यांना चालायचं.

नावं लक्षात ठेवायचा त्यांना कंटाळा. जो जिथे राहतो तेच त्याचं नाव. मी रोज मनोरीहून फेरीने येते म्हणून मी 'मनोरी'. "ए मनोरी, वायर दे." "मनोरी, गाणं बंद कर, पेशंट घाबरलाय." लॅबचे मोठे डॉक्टर पार्ल्याचे, ते समोर 'सर' आणि पाठीमागे 'पार्ला'. एरवी काका आमच्यासारखंच मुंबईचं मराठी बोलायचे, पण डोकं तापलं की मालवणी सुरू. त्यामुळे लॅबमध्ये बहुतेक मालवणीच ऐकू यायची.

आता तो शब्द. स्टेंट ठेवून झाला की आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी एकच असतं, बसला. "मस्त बसला." "झकास बसला ना, यार." बाहेर नातेवाईक दार पूर्ण उघडायच्या आत विचारतात, बसला का हो? काका हा शब्द तोंडातून काढायचे नाहीत. त्यांचं ठरलेलं, "ठेवलाय." मी नवीन होते, मला वाटलं, मालवणी माणूस, शब्द सापडत नसेल. म्हणून मीच मदत केली. म्हटलं, "काका, बसला म्हणा ना."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मी आत जावन इलंय?"

"आत कुठे?"

"नळीत. बघून इलंय मी? मगे बसलो की नाय ता माका काय म्हायत?"

मालवणीत 'तो बसला'चं 'तो बसलो' होतं, तेवढं मला कळलं. बाकी काही कळलं नाही. मग शांत झाल्यावर म्हणाले, "आणि शब्द तरी कसला बघ ना. घसा बसतो, धंदा बसतो, भिंत बसते. चांगलं काय बसतं? एक लग्नाची पंगत. असल्या दगाबाज शब्दावर पेशंट घरी पाठवायचा?"

त्यांचं म्हणणं सरळ होतं. अँजिओग्राफीत आपल्याला रक्तवाहिनी दिसतच नाही, तिच्यात सोडलेला डाय, म्हणजे एक्स-रेत उमटणारं रंगाचं औषध, तेवढा दिसतो. म्हणजे सावली. रस्त्यात एखाद्याची सावली बघून त्याचा शर्ट फाटलाय का ते सांगता येईल? "तू कोळ्याची ना? तुझा बापूस जाळं लावतो, ते नीट लागलं की नाही कसं बघतो? होडीतून खाली वाकून?"

"नाही. दोर हातात धरतो. ताण बघतो."

"बघ! दिसत नाय म्हणून हात लावून बघतो. आणि आपण? सावली बघायची, बसला म्हणायचं, हातमोजे काढायचे आणि जेवायला जायचं." असं म्हणून ते जेवायला गेले.

मी हे सगळं विक्षिप्तपणात जमा केलं होतं. लॅबमध्ये प्रत्येकाचं एकेक असतं. पण एका दुपारी डबा खाताना त्यांनी बाळाचं सांगितलं. एकदाच सांगितलं, परत कधी नाही.

बाळा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, भांडुपला रिक्षा चालवायचा. छातीत दुखायला लागलं म्हणून काकाच त्याला आमच्या लॅबमध्ये घेऊन आले. मी तेव्हा नव्हते. केस पार्ल्याच्या सरांनी केली, टेबलाशी काका स्वतः उभे. स्क्रीनवरचं चित्र म्हणे फ्रेम करून लावावं असं. काका आनंदाने बाहेर गेले, भावजय दाराला चिकटून उभी होती, तिला म्हणाले, "झकास बसलो गो! आता काय्येक काळजी करू नको." तिनं त्या शब्दावर चाळीत पेढे वाटले. बाळा पुन्हा रिक्षा घेऊन स्टँडला लागला. आणि महिना भरायच्या आत एका सकाळी स्टँडवरच कळ आली. हॉस्पिटलपर्यंत पोचलाच नाही.

"स्टेंट बंद झाला?" मी विचारलं.

"झाला असेल. भिंतीला नीट टेकला नसेल. नायतर त्यानं गोळ्या चुकवल्या असतील. नायतर नशीब." डब्यातली भाजी ते नुसतीच इकडची तिकडे करत होते. "माका म्हायत नाय, मनोरी. तांच तर. कोणालाच माहीत नाही, कारण आत कोणी बघितलंच नाही. भावजय मला कधी टाकून बोलली नाही. एकदाच म्हणाली, 'दादा, तुम्ही बोललात ना, बसलो म्हणून.'"

त्यानंतर मी त्यांना त्या शब्दावरून छेडलं नाही.

मग लॅबमध्ये कॅमेरा आला. खरं नाव ओसीटी, पण आम्ही कॅमेराच म्हणतो. शेवयीसारखी बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, थेट स्टेंटच्या आत जाते. त्यात प्रकाश सोडणारं एक भिंग असतं, ते गरगर फिरत मागे येतं आणि दोन-तीन सेकंदांत रक्तवाहिनीचं आतून चकत्या-चकत्यांनी चित्र काढतं. स्टेंटची तार न् तार दिसते. कंपनीचा माणूस शिकवायला आला, तेव्हा आम्ही सगळे सामोसे खाऊन सटकलो. काका एकटे वही घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी डब्यातून कच्ची भेंडी आणली आणि आमच्यासमोर आडवी कापली. "ही बघा चकती. ही भिंत, आणि ह्या बिया म्हणजे स्टेंटच्या तारा. बिया कडेला टेकलेल्या पाहिजेत. मधे लोंबकळत असल्या तर समजायचं, वाट लागली."

पहिली केस वाजतगाजत झाली. नारळ फुटला, फीत कापली. पेशंट जोगेश्वरीचे एक मास्तर होते. सावलीत सगळं छान दिसत होतं, आणि आतून बघितलं तर एका टोकाला जाळी भिंतीपासून सुटलेली. सरांनी मोठा फुगा फुगवून ती दाबली, पुन्हा बघितलं, टेकली होती. टाळ्या! ते चित्र मोठं करून कॉरिडॉरमध्ये लावलं, अजून आहे. काका इतके खूश झालेले मी कधी बघितले नव्हते. मास्तरांच्या बायकोला बाहेर जाऊन स्वतः सांगून आले.

आणि दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यावर प्लास्टिकचं कव्हर चढलं.

म्हणजे बंदी वगैरे काही नव्हती. तसं असतं तर भांडता तरी आलं असतं. दर वेळी नवीन कॅथेटर लागतो, तो स्टोअरमध्ये. तो काढायला फॉर्म, फॉर्मवर तीन सह्या. वर दहा-पंधरा मिनिटं जास्त, आणि बाहेर तीन पेशंट रांगेत. जास्तीचा डाय जातो, एखाद्याच्या किडनीला झेपत नाही. सगळी कारणं खरी, हीच चीड. पार्ल्याचे सर वाईट माणूस नाही, हे मी रागात असले तरी लिहिते. हात असा की शिकायला लांबून लोक येतात. त्यांना इतकी वर्षं सावली वाचायची सवय, आणि सावली बहुतेक वेळा खरंच सांगते. काका म्हणायचे, "बहुतेक? माझो भाऊस बहुतेकातलो नाय होतो."

तो फॉर्म आठवला की अजून माझं रक्त तापतं. त्यात एक रकाना आहे, 'कारण'. काकांनी पहिल्या फॉर्मवर लिहिलं, 'बघण्यासाठी'. चार दिवसांनी फॉर्म परत आला, वर लाल शाईत शेरा, 'कारण अस्पष्ट'. काकांनी त्याच्याखाली लिहिलं, 'अस्पष्ट आहे म्हणूनच बघायचे आहे', आणि परत पाठवला. मग तो आलाच नाही. वरून निरोप आला की परबांना सांगा, ऑफिशियल कागदावर विनोद करू नयेत.

"विनोद?" काका मलाच ओरडले. "मी विनोद करतंय? मी?"

मी म्हटलं, मला काय ओरडता, मी थोडीच लाल पेन घेऊन बसलेय?

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या मशिनींची पूजा होते. झेंडूचे हार, हळद-कुंकू. त्या वर्षी हाउसकीपिंगवाल्यांनी कॅमेऱ्यालाही हार घातला. कव्हर न काढता, वरूनच. काका आत आले, बघितलं, आणि जे काय भडकले! "फोटोक घालतत तसो हार घातलास? मेली काय ती मशीन? मेली?" तो बिचारा हाउसकीपिंगचा माणूस गांगरला. काकांनी हार काढला, कव्हर काढलं, कॅमेरा चालू करून स्क्रीनवर दिवा लागेपर्यंत थांबले आणि मग हार घातला. संध्याकाळी कव्हर पुन्हा जागेवर. हार आतमध्ये.

नातेवाइकांचंही तेच. बाहेर येऊन 'ठेवलाय' एवढंच सांगणाऱ्या माणसामुळे बायाबापड्या हबकायच्या. "ठेवलाय म्हणजे? बसला नाही?" "ता सांगता येवचा नाय." मग रडारड. शेवटी ऑफिसने काकांना लेखी कळवलं की नातेवाइकांशी सकारात्मक शब्दांत बोलावे, अन्यथा बोलू नये. काकांनी दुसरं पसंत केलं. त्यानंतर केस संपली की ते मागच्या दाराने जायचे. तुम्हाला काय वाटतं, इतक्या वर्षांच्या माणसाला मागच्या दाराने जाताना बघून आम्हाला बरं वाटत होतं? मी दोनदा ऑफिसात जाऊन भांडले. "सिस्टर, तुम्ही शांत व्हा," हेच ऐकून परत आले.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी पहिल्या केसची तयारी चालली होती. काकांनी एप्रन चढवला, लगेच काढून ठेवला आणि स्टुलावर बसले. कामाच्या वेळी बसलेले काका मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

"मनोरी, ईसीजी काढ."

"कोणाचा?"

"माझा. पट्टी पार्ल्याला दाखव. आणि उगाच बोंबलू नको."

मी बोंबललेच. तोवर ते स्टुलावरून घसरले, चष्मा खाली पडला आणि धावपळीत माझाच पाय त्याच्यावर. काच फुटल्याचा आवाज अजून कानात आहे. सर धावत आले, पट्टी बघितली आणि तडक हात धुवायला गेले. दहा-पंधरा मिनिटांत परबकाका टेबलावर होते. ज्या टेबलाच्या उजव्या बाजूला त्यांची सगळी नोकरी उभ्याने गेली, त्याच टेबलावर आडवे. आणि पेशंट जागा असतो हो या कामात. त्यांना सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. फक्त चष्म्याविना दिसत नव्हतं.

हृदयाची मोठी रक्तवाहिनी बंद पडली होती. सरांनी ती उघडली, स्टेंट ठेवला. स्क्रीनवर डाय सरसरत खालपर्यंत गेला, आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. सर मास्कमधून म्हणाले, "परब, काय मस्त बसला रे!"

"आतसून बघा," टेबलावरून आवाज आला.

"अरे परब, आता तू पेशंट आहेस. पेशंटने गप्प पडून राहायचं."

"पेशंट म्हणानच सांगतंय, सर."

"डाय आधीच खूप गेलाय. किडनीचं बघायला नको? आणि चित्र एकदम स्वच्छ आहे, माझ्यावर विश्वास ठेव."

"बाळाचाव स्वच्छ होता," काका म्हणाले.

सर स्क्रीनकडे बघत उभे राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मनोरी, कॅमेरा आण." त्यांनी मला कायम सिस्टर म्हटलेलं. म्हणजे मनोरी त्यांना माहीत होतं. म्हणजे पार्लाही माहीत असणार!

मी कव्हर ओढून काढलं आणि स्टोअरकडे पळाले. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "फॉर्म?"

"फॉर्म नंतर. कॅथेटर दे. परबकाका टेबलावर आहेत."

"मॅडम, फॉर्मशिवाय... निदान कारण तरी?"

मग माझा तोल गेला. आमच्या मनोरीच्या बाजारात बायका ज्या आवाजात भांडतात तो आवाज मी अंधेरीत कधी काढला नव्हता, त्या दिवशी काढला. "बघायचंय! ऐकू येतंय? बघायचंय आम्हाला, बस! डोळे दिलेत ते बघायला दिलेत, हेच कारण! काढ तो बॉक्स, नाहीतर मी काउंटरवरून उडी मारते!" त्याने निमूटपणे काढून दिला. स्टोअरमध्ये तो एकच उरला होता, आणि त्याची तारीखही त्याच महिन्याअखेर संपत होती.

धापा टाकत आले तर पुढचं संकट. कॅमेरा चालवायचा कोणी? ज्याला येतो तो टेबलावर! शिकवण्याच्या दिवशी आम्ही सामोसे खात होतो ना.

"मागचा बटण दाब," काकांनी झोपल्या झोपल्या सुरू केलं. "मागचा गो, पुढचा नाय. आता थांब, जागी होऊंदे तिका. स्क्रीनवर पेशंटचा नाव टाक."

"काय नाव?"

"माझा! विसारलंस?"

सरांनी कॅथेटर आत घातला. काका सांगत होते, मी दाबत होते. डाय गेला, भिंग फिरत मागे आलं, आणि स्क्रीनवर काळ्यावर सोनेरी गोल चकती उमटली.

"काय दिसता?"

"भेंडी."

"बिया कडेक टेकल्यात?"

मी बघत राहिले. मला नाही म्हणायचं नव्हतं. देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला 'हो काका, झकास बसला' म्हणून मोकळं व्हावंसं वाटलं. तो शब्द किती सोपा आहे ते मला तेव्हा कळलं. पण तो माणूस आंधळ्यासारखा छताकडे बघत माझ्या उत्तराची वाट बघत होता.

"एका बाजूच्या टेकल्यात," मी म्हटलं. "दुसऱ्या बाजूला नाही. मधे काळं आहे, काका. बऱ्याच चकत्यांमध्ये."

सर पुढे आले. स्क्रीनजवळ नाक नेऊन त्यांनी बघितलं. मग हात मागे करून मोठा फुगा मागितला. फुगवताना विचारलं, "परब, दुखतंय?"

"दुखूंदेत."

पुन्हा कॅथेटर, पुन्हा डाय, पुन्हा चकत्या. मी त्या पुढे-मागे करून दोनदा बघितल्या. एकसुद्धा सोडली नाही.

"टेकल्या?"

"टेकल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या, काका."

त्यांनी डोळे मिटले. "मगे बसलो," म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. स्टेंट बसला म्हणाले की स्वतःबद्दल म्हणाले, मी विचारलं नाही. मी रडत होते, सगळ्यांसमोर, आणि मला काही लाजबीज वाटली नाही.

बाहेर काकी, म्हणजे त्यांची बायको, भांडुपहून येऊन पोचली होती. कोणीतरी तिला खुर्ची आणून दिली होती, पण ती उभीच. मला बघून तिनं 'बसला का' असं नाही विचारलं. तिनं विचारलं, "आतसून बघितल्यानी?"

"बघितलं, काकी. दोनदा बघितलं."

मग तिनं खुर्ची ओढली.

मला वाटलं, झालं. आता कव्हर गेलं ते गेलं. संध्याकाळी सर एकटेच दोन्ही चित्रं शेजारी लावून बसले होते, आधीचं आणि नंतरचं. नवीन कॅथेटरचा फॉर्म मी भरला, त्यावर त्यांनी न विचारता सही केली. कारणाच्या रकान्यात मी 'बघण्यासाठी' लिहिलं होतं, ते वाचून त्याखाली त्यांनी स्वतः ठळक रेघ ओढली. एक सही तर आली! उरल्या दोन. मी मूर्ख. आठवड्याने फॉर्म परत आला. लाल शाई, 'कारण अस्पष्ट'.

काकांना घरी सोडायच्या दिवशी व्हीलचेअर त्यांनी मुद्दाम लॅबवरून न्यायला लावली. नवा चष्मा, दोरी जुनीच. कॅमेऱ्यावर कव्हर होतं. वापर झाल्यावर झाकून ठेवणे, असा नियम आहे म्हणे. काकांनी ते बघितलं. मग वाकून कव्हर ओढलं, मांडीवर घेऊन नीट चौघडी केली आणि औषधांच्या पिशवीत कोंबलं.

"ह्यां आणि कित्याक?" काकी म्हणाली.

"पावसाळो इलो. खिडकीक होया."

दुसऱ्या दिवशी दुपारी नवीन कव्हर आलं.

त्या एप्रनचं वजन आता चालणार नाही म्हणून काकांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. महिन्याने तपासणीला आले तेव्हा लॅबमध्ये डोकावले. आमचं सामान तसंच, माणसं तीच, कॅमेरा नव्या कव्हरात.

"ह्यां कधी इला?"

"तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"फॉर्म भरलात?"

"नाही."

"सह्या?"

"एकपण नाही, काका."

"आणि कारण?"

"कोणी विचारलंच नाही."

काका हसायला लागले. इतके हसले की छातीला हात लावून भिंतीला टेकले आणि मी घाबरून खुर्ची आणायला धावले. परत येईपर्यंत कव्हर काखेत. कॉरिडॉरमध्ये लावलेल्या मास्तरांच्या त्या चित्राखालून ते हळूहळू चालत गेले, मागच्या दाराने नाही, पुढच्या. गेटवर वॉचमनने विचारलं, "काका, हे काय नेताय? कशाला?"

"कारण अस्पष्ट," काका म्हणाले आणि रिक्षात बसले.

मी त्यांना बघितलं ते शेवटचं. पुढच्याच आठवड्यात दोघं गावी गेली, ती तिकडचीच झाली. फॉर्म मी अजून भरते. परत येतो, मी पुन्हा भरते. तिसरं कव्हर आलं तेव्हा काका नव्हते, म्हणून ते मी काढलं. मनोरीला आहे, बापूस त्याच्याखाली जाळी ठेवतो.

काल चौथं आलं.